परत कोण आणतंय ते बघ, मावशी

मार्च महिन्यात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक एवढी असते की दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायला जागा नसते. तिथल्या एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानात, मी चौदा वर्षं हिशेब लिहिते. शेतकऱ्याची पट्टी म्हणजे त्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब, खरेदीदाराचं बिल, माल बाहेर पाठवताना लागणारं ई-वे बिल, जीएसटीचं रिटर्न, बँक, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. गेल्या मार्चमध्ये, ऐन सौद्याच्या म्हणजे लिलावाच्या दिवसांत, त्या कॉम्प्युटरमधला ब्राउझर माझ्या हातातून गेला. मी एक पान मागायची, तो दुसरंच उघडायचा. तो परत ताब्यात यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत काय केलं, कुठे चुकलं, ते सगळं इथे लिहून ठेवते. आमच्यासारखी एका कॉम्प्युटरवर चालणारी दुकानं सांगली, मिरज, तासगावात कितीतरी आहेत, आणि त्यांतल्या हिशेबनीसांना हे सांगणारं जवळ कुणी असतंच असं नाही.

सुरुवात एका यादीपासून झाली. आमच्याकडे माल आणणाऱ्या शेतकऱ्यांची नावं, गावं आणि खाते क्रमांक असलेली एक जुनी फाइल आहे, शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली. हा जुन्या पद्धतीचा फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवतो. त्यामुळे तो मजकूर नव्या प्रोग्रॅममध्ये नेला की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. आमच्या हिशेबाच्या प्रोग्रॅमला युनिकोड लागतो, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःच्या वेगळ्या जागा देणारी नवी पद्धत. म्हणून फॉन्ट बदलून देणारं काही फुकट मिळतं का ते मी शोधलं आणि सगळ्यात वर आलेलं पान उघडलं. त्यावर हिरव्या रंगाची तीन 'डाउनलोड' बटणं होती. सगळ्यात मोठं होतं ते दाबलं.

तारीख १६ मार्च, वेळ पावणेबाराच्या सुमाराची. ही वेळ पुढे कामाला आली म्हणून सांगून ठेवते. बाहेर हमाल पोती ओतत होते, सौदा दोन दुकानं पलीकडे आला होता, आणि काट्यावरची चिठ्ठी घेऊन पोरगा टेबलाशी उभा होता. इन्स्टॉल होताना 'रेकमेंडेड' आणि 'कस्टम' असे दोन पर्याय आले. मी पहिल्यावरच ठेवून नेक्स्ट, नेक्स्ट करत गेले. कस्टम उघडलं असतं तर आधीच टिक करून ठेवलेल्या आणखी तीन वस्तू दिसल्या असत्या, हे नंतर कळलं. फॉन्ट काही बदलला नाही. प्रोग्रॅमने पैसे मागितले, मी तो बंद केला आणि पट्ट्या काढायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राउझर उघडला तर रोजच्या चार पानांच्या जागी एक पांढरं पान, मधोमध शोधायची चौकट आणि वर भिंगाचं चित्र. 'सांगली हळद भाव' टाइप केलं. वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन अनोळखी नावं झरझर सरकून गेली, मग कुठे निकाल आले, आणि त्यातले पहिले पाच-सहा जाहिरातींचे. तेवढ्यात उजवीकडे खालच्या कोपऱ्यात लाल चौकट उगवली : तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. सोबत एका मोठ्या कंपनीचा शिक्का.

दुकानाचे मालक, आमचे अण्णा, शेजारी बसले होते. वय पंच्याहत्तरीचं, पण नजर सगळीकडे असते. "पोरी, लाव की फोन. काय म्हणतात बघू तरी," म्हणत त्यांनी स्वतःच मोबाइल काढला आणि चष्मा डोळ्यावर घेतला. मी पटकन स्क्रीनवरच्या त्या नंबरावर हात ठेवला. कुठलीही कंपनी तुमच्या कॉम्प्युटरमधले व्हायरस मोजून, कोपऱ्यात असा नंबर छापून पाठवत नाही. फोन लावला की पलीकडचा माणूस गोड बोलून लांबून कॉम्प्युटर चालवायचं ॲप टाकायला लावतो आणि पुढच्या पाच मिनिटांत बँकेचं पान उघडायला सांगतो. अण्णांनी मोबाइल खिशात ठेवला, पण अर्धा तास ते त्या कोपऱ्याकडेच बघत होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ही गोष्ट आजच सांगून ठेवा, कारण ती लाल चौकट भीती घालण्यासाठीच बनवलेली असते आणि भीती पहिल्यांदा त्यांनाच वाटते.

ही चौकट मात्र सगळ्यात सोपी निघाली. असल्या चौकटी ब्राउझरच दाखवत असतो. एखादं पान 'तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा' म्हणतं, आपण दाबतो, आणि त्या पानाला आपल्याला केव्हाही सूचना पाठवायचा परवाना मिळतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे तीन अनोळखी पत्ते होते. तिन्ही काढले आणि यापुढे कुठल्याच पानाला विचारताही येणार नाही असं करून टाकलं. लाल चौकट त्यानंतर पुन्हा दिसली नाही.

सर्च इंजिन काही असं सहज जाईना. मी ते बदललं, यादीतून नको ते नाव काढलं, सुरू होतानाची चार पानं पुन्हा भरली. संध्याकाळपर्यंत सगळं छान. १८ तारखेला सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर पुन्हा पांढरं पान आणि भिंग. मग एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांच्या, यादीत गेले. मी कधीच न टाकलेली दोन एक्स्टेन्शन्स तिथे होती. पहिलं निघालं. दुसऱ्यासमोर 'रिमूव्ह' बटणच नव्हतं. ते तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरने टाकलं आहे, असं लिहिलेलं. आणि क्रोमच्या मेन्यूत अगदी तळाशी एक ओळ आली होती : मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन. आमच्या दुकानात कॉम्प्युटरवर देखरेख ठेवणारी कुठली संस्था नाही. जे काही आहे ते मी बघते. ती ओळ वाचून पोटात खड्डा पडला. आपल्या घराच्या दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागावी तसं वाटलं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मुलाला बोलावलं. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारू. दोन तासांचं काम." त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. बऱ्याच वेळा तोच खात्रीचा उपाय असतो. पण २० तारखेला रिटर्न भरायचं होतं. डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर, पट्टीचा जुना प्रिंटर, हिशेबाचा प्रोग्रॅम, सगळं पुन्हा बसवायला त्याला दोन तास लागले तरी मला दोन दिवस लागले असते. त्याला म्हटलं, दोन दिवस थांब, मला जमलं नाही तर तुझ्या हवाली करते.

मग बहिणीच्या मुलाला फोन केला. तो इंजिनिअरिंगला आहे, पुण्यात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, तू सारखी सेटिंग बदलतीयस. बदललेलं परत कोण आणतंय ते बघ."

हे वाक्य मला एकदम कळलं, कारण माझ्या कामात हेच असतं. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांचा ताळा, जुळत नसली की बेरजेचा आकडा खोडून काही होत नाही. कीर्दीत, म्हणजे रोजच्या नोंदींच्या वहीत, मागे मागे जावं लागतं आणि चुकलेली नोंद हाताला लागेपर्यंत उठायचं नाही. दोन दिवस मी नुसती बेरीज खोडत होते. नोंद ब्राउझरच्या बाहेर कुठेतरी होती.

संध्याकाळी सात वाजता शटर अर्धं खाली घेतलं. सगळ्यात आधी इंटरनेटची केबल उपटली. हिशेबाचा डेटा पेन ड्राइव्हवर घेतला. बुकमार्क्सची फाइल काढून घेतली. ब्राउझरमधली एकूण एक सेटिंगची पानं मोबाइलने फोटो काढून ठेवली : कुठल्या पानाला पॉप-अपची परवानगी आहे, डाउनलोड कुठल्या फोल्डरला जातं, अक्षराचा आकार किती. हे फोटो पुढे सोन्यासारखे कामाला आले. मग क्रोममधलं सिंक, म्हणजे एकाच खात्याच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर सारखीच सेटिंग ठेवणारी सोय, बंद केलं. हे आधीच करायला हवं होतं. सिंक चालू असलं की एका कॉम्प्युटरमधली घाण त्याच खात्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाते. त्या रात्री सांगलीवाडीला घरी गेले तर मुलीच्या लॅपटॉपमध्ये तेच भिंग. तिथे मी माझ्या खात्याने कधीतरी साइन इन केलेलं होतं. लॅपटॉपमध्ये सुदैवाने एवढीच लागण होती. सिंक बंद केल्यावर, एक्स्टेन्शन काढून सेटिंग बदलल्यावर तो सुधारला.

पासवर्ड बदलायचे ते भाच्याने मोबाइलवरून बदलायला लावले. "लागण झालेल्या कॉम्प्युटरवर नवा पासवर्ड टाइप केलास तर तोही दिलासच की मावशी." क्रमही त्याने सांगितला. आधी ईमेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड विसरल्यावर नवे करायची चिठ्ठी त्या ईमेलवरच येते. मग बँक, मग जीएसटी आणि ई-वे बिल. ईमेलमध्ये सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करायलाही सांगितलं. याचं कारण मला नवीन होतं. आपण एकदा आत गेलो की ब्राउझर कुकी नावाच्या छोट्या नोंदीत त्याची खूण जपून ठेवतो. ती खूण कुणी उचलून नेली तर त्याला पासवर्ड कळायचीही गरज नाही, तो सरळ आत येतो. साइन आउट केलं की ती खूण निकामी होते.

नंतर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी उघडली आणि तारखेने लावली. १६ तारखेला चार नावं : तो कन्व्हर्टर आणि सोबत आलेली तिघं. एक-एक काढायला घेतलं. त्यातल्या एकाने काढताना खिडकी दाखवली, त्यात मोठं निळं बटण 'ठेवा' याचं आणि 'काढा' हे खाली फिकट राखाडी अक्षरांत, बटणासारखं दिसणारही नाही असं. अशा जागी घाई करायची नाही. प्रत्येक अक्षर वाचूनच दाबायचं.

अपडेट घेण्यापुरती केबल जोडली आणि विंडोज डिफेंडरची पूर्ण तपासणी लावली. दोन तास चालली. दोन वस्तू सापडल्या, त्याने त्यांना 'पोटेन्शियली अनवॉन्टेड' म्हटलं होतं, म्हणजे सरळ विषाणू नाही पण नको असलेली वस्तू. मग ऑफलाइन तपासणी. यात कॉम्प्युटर बंद होऊन विंडोज पुरतं सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळे चालू असताना स्वतःला लपवणाऱ्या गोष्टींना लपायला वाव मिळत नाही. ती साधारण पंधरा मिनिटांत होते. त्यात काही निघालं नाही. बरीच रात्र झाली होती. अण्णांनी घरून डबा पाठवला होता, तो तिथेच खाल्ला.

१९ तारखेला दिवसभर त्या कॉम्प्युटरला इंटरनेट दिलं नाही. ई-वे बिलं शेजारच्या दुकानातून काढली. तिथल्या दिवाणजींनी एकदाही कुरकूर केली नाही, हे मुद्दाम लिहिते. संध्याकाळी पुन्हा बसले.

आता ती दारावरची पाटी. पत्त्याच्या पट्टीत 'क्रोम', मग अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि 'पॉलिसी' हे इंग्रजीत टाइप केलं की ब्राउझरवर बाहेरून कुठले हुकूम लादले आहेत ते दिसतं. मोठ्या ऑफिसांत, बँकांत, कॉलेजांत हे हुकूम खरोखरच तिथल्या संगणक विभागाने घातलेले असतात, तिथे कुणी हात लावू नये. आमच्याकडे तीन हुकूम होते : सर्च इंजिन हेच, सुरुवातीचं पान हेच, आणि हे एक्स्टेन्शन सक्तीने टाकायचं. विंडोज हे हुकूम रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्या सेटिंग्जच्या आतल्या वहीत, ठेवतं. तिथे लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम असं खाली खाली जायचं. तशीच एक जागा करंट यूजरखालीही बघायची. रजिस्ट्रीत चुकीचं काही उडवलं तर विंडोजच रुसतं, म्हणून भाच्याने आधी तो भाग एक्स्पोर्ट करून फाइल ठेवायला लावली, मग तेवढंच काढायला लावलं. पॉलिसीच्या पानावर येऊन 'रीलोड' दाबलं. तिन्ही ओळी गेल्या. मेन्यूतली पाटी गेली. त्या एक्स्टेन्शनसमोर 'रिमूव्ह' बटण आलं आणि ते मी काढलं. खूप बरं वाटलं.

कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. तिन्ही ओळी परत.

मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. बाहेर यार्डात ट्रक भरत होते. चहावाल्याचा शेवटचा फेरा झाला. भाच्याला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "बंद करून चालू केल्यावर येतंय ना? म्हणजे चालू होताना कुणीतरी काम करतंय. टास्क शेड्युलर उघड."

विंडोजमध्ये ठरल्या वेळी आपोआप कामं करायची एक यादी असते, तो हा टास्क शेड्युलर. आत पन्नासएक नावं. बहुतेक खरी, विंडोजची आणि इतर प्रोग्रॅमांच्या अपडेटची, त्यामुळे नुसत्या नावावरून काही कळत नव्हतं. मी एक-एक नोंद उघडून ती कधी तयार झाली ते बघत गेले. नावात 'अपडेट' असलेली एक नोंद होती, इतर चार अपडेटांसारखीच. तयार झाल्याची तारीख १६ मार्च, वेळ ११ वाजून ४७ मिनिटं. सौदा, पोती, चिठ्ठी घेऊन उभा असलेला पोरगा, सगळं डोळ्यांसमोर आलं. कधी चालायचं : कुणीही लॉग ऑन केलं की, आणि त्यानंतर दर एक तासाने. काय चालवायचं : ॲपडेटा या प्रोग्रॅमांची माहिती ठेवायच्या जागेतल्या एका फोल्डरातली फाइल, फोल्डरचं नाव म्हणजे अर्थ नसलेली दहा-बारा अक्षरं. कीर्दीतली चुकलेली नोंद सापडल्यावर जसं बोट त्या ओळीवर ठेवून बसते, तशी मी बसले.

आधी ती नोंद नुसती बंद केली. मग चालू असलेला तो प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून थांबवला, फोल्डर उडवला, शेवटी नोंद पुसली. रजिस्ट्रीतला तो भाग दुसऱ्यांदा काढला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. हुकूम आले नाहीत. एक तास थांबले, कारण ते दर तासाने यायचं होतं. आले नाहीत.

तरी खालच्या टास्कबारवरच्या चिन्हावरून क्रोम उघडला की वरच्या पट्टीत त्या भिंगवाल्या पानाचाच पत्ता येत होता. स्टार्टमधून उघडला की येत नव्हता. फरक त्या चिन्हातच असणार. चिन्हावर उजवं क्लिक, वर येणाऱ्या नावावर पुन्हा उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे 'टार्गेट'ची चौकट. ती इतकी अरुंद असते की पत्त्याची सुरुवातच दिसते. एंड बटण दाबून शेवटाला गेले. क्रोमच्या फाइलचं नाव, अवतरणचिन्ह बंद, मग एक मोकळी जागा आणि तिच्यापुढे त्या भिंगवाल्या पानाचा लांबलचक पत्ता. चिन्ह दाबलं की क्रोमला सोबत ती चिठ्ठीही मिळत होती. अवतरणचिन्हापुढचं सगळं पुसलं, अप्लाय केलं. टेबलावरचं म्हणजे डेस्कटॉपवरचं चिन्ह तपासलं, ते चांगलं होतं. एज ब्राउझरचंही तपासलं, त्यातही तोच पत्ता होता. आम्ही एज वापरतच नाही, म्हणून तो बघायचं राहून गेलं असतं.

मग केबल जोडली, आणि एकही पान उघडेना. प्रॉक्सी सर्व्हर उत्तर देत नाही, असा संदेश. माझे हात थंड पडले, मला वाटलं आपण काहीतरी मोडलं. भाचा मात्र म्हणाला, हे होणारच होतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात प्रॉक्सी. तिथे 'मॅन्युअल' चालू होतं आणि पत्ता १२७.०.०.१. हा पत्ता म्हणजे हाच कॉम्प्युटर स्वतः. आमचं बाहेर जाणारं सगळं आधी त्या प्रोग्रॅमकडे जात होतं, तो वाटेत हात घालत होता आणि मग पुढे सोडत होता. प्रोग्रॅम मी काढला, रस्ता मात्र अजून त्याच्याच दारातून जात होता. प्रॉक्सी बंद केली आणि पानं उघडायला लागली.

पानं उघडली, पण त्या रात्री सगळ्यात जास्त भीती मला याच गोष्टीची वाटली. तीन दिवस आमचं सगळं त्याच्या हातातून गेलं होतं. त्यात बँकही होती. भाच्याने समजावलं की बँकेचं पान एचटीटीपीएसने येतं, म्हणजे मजकूर कुलूपबंद असतो, मधल्याला वाचता येत नाही. पण एक अट आहे. त्याने कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं खोटं रूट सर्टिफिकेट, म्हणजे पान खरं आहे याची हमी देणारा दाखला, घुसवलं असेल तर तो ते कुलूप उघडू शकतो. म्हणून विश्वासाच्या रूट सर्टिफिकेटांची यादी काढली आणि व्हिडिओ कॉलवर त्याला एक-एक नाव दाखवलं. अनोळखी एकही नव्हतं. कुठल्या नावाचं पान कुठल्या पत्त्यावर न्यायचं ते सांगणारी होस्ट्स नावाची फाइल असते, तीही बघितली, तिच्यात काही घातलेलं नव्हतं. मग मोबाइलवर बँकेचं स्टेटमेंट काढून १६ तारखेपासूनची ओळ न ओळ कीर्दीशी ताडून बघितली. पै न पै जुळली. त्यात शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे पैसे असतात, वर्षभर राबून आणलेल्या हळदीचे. ते जुळेपर्यंत मी घरी जाऊ शकले नसते. पैसे गेले असते तर तिथूनच १९३० ला फोन लावायचा, हे ठरलेलं होतं. ही सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे आणि तिथे जेवढ्या लवकर कळवावं तेवढी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता कुठे रीसेटची वेळ आली. पुष्कळजण इथूनच सुरुवात करतात आणि मग रीसेटला दोष देतात. बाहेरची नोंद जिवंत असताना रीसेट केलं असतं तर तासाभरात सगळं पुन्हा होतं तसं झालं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये तळाशी 'रीसेट सेटिंग्ज' आहे. त्याने सुरुवातीचं पान, नवीन टॅब, सर्च इंजिन, पिन केलेले टॅब मूळ जागी येतात, सगळी एक्स्टेन्शन्स बंद होतात, कुकी आणि पानांना दिलेल्या परवानग्या पुसल्या जातात. बुकमार्क्स, हिस्टरी आणि जपलेले पासवर्ड तसेच राहतात. एक्स्टेन्शन्स नुसती बंद होतात, यादीतून जात नाहीत, तेव्हा नको असलेलं स्वतः काढावं लागतं. फायरफॉक्स वापरणाऱ्यांना 'रिफ्रेश' असा पर्याय मिळतो आणि तो जुन्या माहितीचं एक फोल्डर डेस्कटॉपवर ठेवतो. एजमध्येही रीसेट आहे, तेही करून टाकलं.

२० तारखेच्या सकाळी मी मोबाइलमधले फोटो समोर ठेवून ब्राउझर पुन्हा लावायला बसले. सुरू होताना उघडायची चार पानं. अक्षराचा आकार १२५ टक्के, कारण चाळिशी ओलांडल्यापासून त्याहून बारीक मला दिसत नाही. प्रत्येक डाउनलोड कुठे ठेवायचं ते विचारून घ्यायचं. बँकेच्या पानाला पॉप-अपची परवानगी, नाहीतर पावती उघडत नाही. डिजिटल सहीने मात्र अकरापर्यंत रडवलं. परवानग्या पुसल्या गेल्यावर तिची आणि ब्राउझरची ओळखच राहिली नव्हती, सॉफ्टवेअर पुन्हा टाकून ती करून द्यावी लागली. कुकी गेल्यामुळे प्रत्येक ठिकाणी नव्याने लॉग इन, आणि ओटीपी अण्णांच्या मोबाइलवर. अण्णा सौद्यात. मी पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत त्यांच्यापर्यंत जायची, ते एका हाताने हळकुंड मोडून बघत असायचे आणि दुसऱ्या हाताने मोबाइल माझ्याकडे द्यायचे. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी म्हणाले, "पोरी, मोबाइल तुझ्याकडंच ठेव आज." संध्याकाळी पावणेसहाला रिटर्न गेलं.

ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड मी सगळे पुसले. महत्त्वाचे आधीच बदलले होते, उरलेले त्या आठवड्यात बदलले. कॉम्प्युटरवर रोजच्या कामासाठी साधं खातं केलं, ॲडमिनिस्ट्रेटरचं वेगळं ठेवलं. सगळ्या कॉम्प्युटरसाठीचे ते हुकूम लिहायला आणि कुणीही लॉग ऑन केलं की चालणारी नोंद घालायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. मी त्या दिवशी साध्या खात्यावर असते तर आधी पासवर्ड मागितला गेला असता आणि हात थांबला असता. विंडोज सिक्युरिटीमध्ये नको असलेली ॲप्स अडवायचं बटण असतं, ते आमच्याकडे बंद होतं, ते चालू केलं. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र आहे, त्यांच्याकडे सफाईची साधनं फुकट मिळतात. खात्री करून घ्यायला एप्रिलमध्ये तिथलंही एक चालवलं, काही निघालं नाही. दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावून सगळं दाखवलं. त्याने टास्क शेड्युलरचा फोटो काढून नेला.

शेतकऱ्यांची यादी अजून जुन्याच फॉन्टमध्ये होती. ती मी हाताने टाइप करायला घेतली, दुकान बंद झाल्यावर रोज वीस-पंचवीस नावं. जुनी फाइल डावीकडे, नवी उजवीकडे. काही खाती मुलांच्या नावावर गेलीत, काही गावांची नावं तेव्हाच चुकीची पडली होती, ती त्या निमित्ताने दुरुस्त होतायत. काल मिरज तालुका संपला. आज तासगाव सुरू करते.